दातांची तार मध्येच तुटते ती का? दोष मुलीचा, डॉक्टरांचा की धातूचा?

मुलगा किंवा मुलगी बारा-तेरा वर्षांची होते. दात पुढे आलेले असतात किंवा एकावर एक चढलेले असतात. अब्बा पैसे जमवून दातांना तार लावून देतात. चार-पाच महिने सगळे ठीक चालते आणि एके दिवशी जेवताना गालाला काहीतरी टोचते. बघावे तर तार तुटलेली! मग घरात चौकशी बसते. अम्मी म्हणते, "नक्की काहीतरी कडक चावलंस तू." दादी म्हणते, "एवढे पैसे घेऊन डॉक्टरने हलकी तार घातली." मुलगी रडवेली होऊन सांगते, "मी काहीच नाही केलं, आपोआप तुटली."

गंमत अशी की या तिघींत विज्ञानाच्या सर्वांत जवळ मुलगी असते. तार खरोखरच "आपोआप" तुटू शकते. त्या दिवशी तिने वरणभात खाल्लेला असला तरी. धातूलाही थकवा येतो, आणि थकलेली तार तुटायला मोठा धक्का लागत नाही. हे घरातल्यांना माहीत असणे गरजेचे आहे, कारण एकदा बोलणी खाल्लेले मूल पुढच्या वेळी तार तुटली तर सांगतच नाही. वर्गात मी हे पाहिले आहे. जीभ लावून लावून तुटलेले टोक लपवणारी मुले असतात. दोन-तीन आठवडे असेच जातात, सरकलेला दात परत मागे फिरू लागतो आणि अठरा महिन्यांचा इलाज दोन-अडीच वर्षांवर जातो.

वाकणे वेगळे, थकणे वेगळे

कपडे वाळत घालायचा तारेचा हँगर घ्या. तो जरासा दाबून सोडला की जसाच्या तसा होतो. जास्त दाबला तर वाकतो आणि तसाच राहतो. आता तीच जागा इकडून तिकडे, तिकडून इकडे वाकवत राहा. आठ-दहा वेळा झाले की तुकडा हातात येतो. एका झटक्यात तो तुमच्याने तुटला नसता, पण पुन्हा पुन्हा वाकवल्यावर तुटला.

इथपर्यंत सगळ्यांना माहीत असते. पुढची गोष्ट मात्र फार कमी लोकांना ठाऊक असते. तार वाकून तशीच राहावी इतका जोर न लावताही ती तुटू शकते. अगदी थोडा, दिसणारही नाही असा ताण हजारो-लाखो वेळा दिला, की पृष्ठभागावरच्या एखाद्या ओरखड्यापाशी केसापेक्षाही बारीक भेग पडते. प्रत्येक ताणाबरोबर ती भेग अंगुळभराचाही नाही, एका कणाएवढा पुढचा रस्ता कापते. तारेचा शाबूत भाग कमी कमी होत जातो. शेवटी उरलेल्या भागाला साधा घासही झेपत नाही आणि तार तुटते. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते, आत्ता तुटली. खरे तर ती कित्येक दिवस तुटत होती.

हा धडा माणसाला रेल्वेने शिकवला. ८ मे १८४२ रोजी फ्रान्समध्ये व्हर्सायहून पॅरिसला परतणाऱ्या गाडीच्या इंजिनाचा आस तुटला. गाडी रुळावरून घसरली, डब्यांना आग लागली आणि पन्नासहून जास्त माणसे गेली. आस तर चांगल्या लोखंडाचा होता, मग तुटला कसा? पुढच्याच वर्षी विल्यम रँकिन यांनी दाखवले की असे आस जिथे जाडी एकदम बदलते त्या कोपऱ्यापासून भेग वाढत जाऊन तुटतात. मग जर्मनीत ऑगस्ट व्होलर या रेल्वे अभियंत्याने अनेक वर्षे आस फिरवून फिरवून, किती ताण किती वेळा दिला की काय तुटते, याची मोजदाद केली. आज विमानाच्या पंखापासून दातांच्या तारेपर्यंत टिकाऊपणाचा हिशोब त्याच पद्धतीने होतो.

आपल्याकडे याचे रोजचे उदाहरण म्हणजे सायकलचे स्पोक. सायकल दुरुस्तीवाल्या चाचांना विचारा, स्पोक बहुतेक वेळा कुठे तुटतो? मधोमध क्वचितच. हबमध्ये अडकवण्यासाठी जिथे वाकवलेला असतो, त्या कोपरावर तुटतो. चाकाच्या प्रत्येक फेरीत त्या कोपराचा ताण कमी-जास्त होतो. दातांच्या तारेचेही हेच. वाकवलेली जागा, ओरखड्याची जागा, ब्रॅकेटच्या कडेला टेकणारी जागा, या तिच्या कमजोर जागा.

आता तोंडातला हिशोब मांडू. मुलांना मी तो फळ्यावर करायला लावते. एक घास वीस वेळा चावला, एका जेवणात तीस घास, दिवसाला तीन जेवणे. झाले अठराशे. महिन्याला चोपन्न हजार. आकडा ढोबळ आहे, कुणी कमी चावेल, कुणी जास्त. पण तार बदलायला चार ते सहा आठवड्यांनी बोलावतात, तेवढ्या काळात तिने किती वेळा ताण सोसला याचा अंदाज येतो. आणि ही तार जाडीला किती? सुरुवातीच्या तारा ०.०१४ ते ०.०१६ इंच, म्हणजे जेमतेम ०.३६ ते ०.४ मिलिमीटर.

तारेत असते तरी काय?

"स्टीलची तार" असे आपण सरसकट म्हणतो, पण एकाच मुलाच्या तोंडात दोन वर्षांत तीन-चार वेगवेगळ्या धातूंच्या तारा येऊन जातात. शंभर वर्षांपूर्वी चांगल्या तारा सोन्याच्या मिश्रधातूच्या असत. अमेरिकेतले एडवर्ड अँगल, ज्यांना आजच्या दंतरचनाशास्त्राचे जनक मानतात, त्यांच्या काळात तेच चाले. १९३०च्या दशकापासून स्टेनलेस स्टील आले आणि सोने हळूहळू मागे पडले.

या स्टीलमध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते. क्रोमियमचा हवेशी संबंध आला की पृष्ठभागावर एक अदृश्य पापुद्रा तयार होतो, तो गंज अडवतो. ओरखडा पडला तरी पापुद्रा पुन्हा भरून येतो, फक्त तिथे ऑक्सिजन पोहोचला पाहिजे. ही अट लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल. तारेला ताठपणा येतो तो ओढण्यातून. धातू लहान लहान होत जाणाऱ्या छिद्रांतून ओढत नेला की तो बारीक होतो आणि कडकही. कडकपणा वाढला की वाकून घेण्याची ताकद कमी होते. ऑस्ट्रेलियात डॉ. रेमंड बेग यांच्यासाठी ए. जे. विलकॉक या धातुतज्ज्ञाने अशाच फार ताठ स्टीलच्या तारा बनवल्या. त्या जोर छान धरून ठेवतात, पण वाकवताना हात जपून चालवावा लागतो, नाहीतर पकडीतच मोडतात.

दुसरी एक तार तर चक्क घड्याळाच्या कारखान्यातून आली. अमेरिकेतल्या एल्जिन घड्याळ कंपनीला न थकणारी, न गंजणारी स्प्रिंग हवी होती. त्यासाठी कोबाल्ट, क्रोमियम आणि निकेलचा मिश्रधातू तयार झाला. त्याचे नाव पडले एल्जिलॉय. तो मऊ असताना वाकवता येतो आणि नंतर तापवून कडक करता येतो, म्हणून दातांच्या डॉक्टरांनी तो उचलला.

आणि निटिनॉल. आज बहुतेक मुलांना पहिली तार हीच लागते. अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेत विल्यम ब्यूलर हे क्षेपणास्त्राच्या टोकासाठी धातू शोधत होते. निकेल आणि टायटॅनियम जवळपास निम्मे-निम्मे मिसळून केलेली एक पट्टी घड्या घालून १९६१च्या सुमारास एका बैठकीत फिरवली गेली, ती न तुटता किती वेळा वाकते हे दाखवायला. एकाने सहज तिला लायटरची आच दिली. पट्टी आपोआप सरळ झाली! धातूला आपला मूळ आकार आठवत होता. नावही तिथलेच: निकेल, टायटॅनियम आणि त्या नौदल प्रयोगशाळेच्या नावाची आद्याक्षरे. दहाएक वर्षांनी आयोवा विद्यापीठातल्या जॉर्ज अँड्रियासन यांनी ही तार दातांसाठी वापरली. १९८०च्या दशकात चीन आणि जपानमधून तिच्या जास्त लवचिक आवृत्त्या आल्या.

स्टीलची तार मूळ लांबीच्या साधारण एक टक्क्याएवढी ताणली गेली की तिची परत फिरण्याची मर्यादा संपते. निटिनॉल आठ टक्क्यांपर्यंत ताण घेऊनही मूळ आकारावर येते, कारण ताण आला की तिच्या आतली अणूंची मांडणीच बदलते आणि ताण गेला की पुन्हा पहिल्यासारखी होते. त्यामुळे वेडेवाकडे दातही एकाच तारेत बसवता येतात आणि तार त्यांना हलके हलके ओढत राहते. त्याच जाडीच्या स्टीलच्या तारेशी तुलना केली तर निटिनॉलचा ताठपणा चौथा-पाचवा हिस्साच असतो. थंड पाणी प्यायल्यावर दातांचा ठणका थोडा कमी होतो असे मुले सांगतात. ते खरे आहे, उष्णतेवर चालणारी ही तार थंडीत नरम पडते आणि तोंडाची ऊब मिळाली की पुन्हा जोर धरते.

मग ही न तुटणारी तार झाली का? नाही. लवचिकपणा म्हणजे अमरपणा नव्हे. तीही थकते, आणि तिची एक खोड वाईट आहे. स्टीलची तार निदान वाकून, वाकडी दिसून थोडी सूचना देते. निटिनॉल सूचना देत नाही. बाहेरून अगदी सरळ, चकचकीत, आणि एका क्षणात दोन तुकडे. म्हणूनच "आपोआप तुटली" हे वाक्य या तारेच्या बाबतीत सर्वांत जास्त ऐकू येते. रूट कॅनाल करताना वापरतात त्या बारीक फाइल्सही याच धातूच्या असतात आणि त्याही अशाच बिनसूचनेच्या तुटतात.

चौथी तार टायटॅनियम आणि मॉलिब्डेनमची. १९८०च्या सुमारास चार्ल्स बर्स्टन आणि जॉन गोल्डबर्ग यांनी ती आणली. ताठपणा स्टीलच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास आणि वेगवेगळे आकार देता येतात. निकेल अजिबात नाही. ज्यांना निकेलची अॅलर्जी आहे त्यांच्यासाठी ही सोय. आपल्या मुलींचे कान लहानपणीच टोचतात, आणि हलक्या धातूच्या बाळ्यांनी कान लाल होणे, पाणी येणे हे पुष्कळ घरांत घडते. तसे घडले असेल तर तार लावण्याआधीच डॉक्टरांना सांगा. ते लहान वाटते म्हणून कुणी सांगत नाही.

तुटते कुठे?

तोंडातून काढलेल्या तुटक्या तारा सूक्ष्मदर्शकाखाली तपासणाऱ्या संशोधकांना एक गोष्ट वारंवार दिसली. निटिनॉलच्या तारा जास्त करून मागच्या बाजूला, दाढांच्या भागात तुटतात. कारण उघड आहे, चावण्याचा जोर तिथेच जास्त.

शिवाय मोकळ्या अंतराचा प्रश्न असतो. जागा करण्यासाठी पुष्कळदा दाढांच्या पुढचे दात काढलेले असतात, तिथे तार दोन ब्रॅकेटच्या मधे अधांतरी असते. पट्टी टेबलाच्या कडेबाहेर पाच सेंटिमीटर काढून टोक दाबा, मग दहा सेंटिमीटर काढून दाबा. लांबी दुप्पट झाली की तेवढ्याच जोराने पट्टी आठपट वाकते. आधाराजवळचा ताणही दुप्पट होतो. पोळीचा एक तुकडा किंवा मटणाचा कडक भाग नेमका त्या खिंडीत आला, की तार खाली दबते. रोज दबते. म्हणून डॉक्टर त्या जागी तारेवर बारीक नळी चढवतात. ती सजावट नाही, काढून टाकू नका.

जाडीचा हिशोबही ऐकून ठेवा. ताठपणा जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. ०.०१४ इंचाच्या जागी ०.०१८ इंचाची गोल तार घातली तर जाडी सव्वापटीपेक्षा थोडीच जास्त, पण ताठपणा पावणेतीनपट. "पहिल्यापासून जाड तार का नाही घातली, तुटली नसती," असे विचारणाऱ्या पालकांना उत्तर हेच. वेड्यावाकड्या दातांत इतकी ताठ तार बसवली तर दुखून मूल झोपणार नाही आणि मुळांना इजा होईल. बारीक तारेने सुरुवात करणे हा कंजूषपणा नसतो.

खालच्या ब्रॅकेटवर वरचे दात आपटत असतील तर तार आणि ब्रॅकेट दोन्हीवर प्रत्येक चावण्याला हातोडा पडतो. तो टाळायला डॉक्टर दाढांवर सिमेंटचा लहान उंचवटा करतात. मग मुलाचे दात पूर्ण मिटत नाहीत आणि घरचे घाबरतात, काहीतरी चुकले म्हणून. मुद्दाम केलेले असते ते. रात्री दात खाणारी मुलेही याच गटातली. मूल झोपेत करकर आवाज करते हे आईला माहीत असते, डॉक्टरांना नसते. सांगायला हवे.

आता दादीच्या शंकेकडे येऊ. तार हलकी असू शकते का? असू शकते. निकृष्ट तारेचा पृष्ठभाग खडबडीत असतो, ओढताना पडलेल्या चिरा राहिलेल्या असतात, आणि भेग सुरू व्हायला तेवढे पुरे. पकडीने एकाच जागी दोन-तीनदा वाकवून सरळ केलेली तारही आधीच अर्धी थकलेली असते. पण एकदा तार तुटली म्हणजे डॉक्टर बेईमान, असा हिशोब लावणे मला पटत नाही. दीड-दोन वर्षांत एखादी तार तुटणे नेहमीचे आहे. पुन्हा पुन्हा, त्याच जागी तुटत असेल तर मात्र सरळ विचारा: कोणत्या धातूची तार आहे, कोणत्या कंपनीची आहे, इथेच का तुटते आहे? चांगला डॉक्टर या प्रश्नाने चिडत नाही.

एक कारण डोळ्यांना दिसत नाही. लाळेत क्षार असतात, अन्नाचे कण ब्रॅकेटभोवती अडकून आंबतात. त्या थराखाली ऑक्सिजन पोहोचत नाही आणि वर सांगितलेला तो पापुद्रा भरून येत नाही. तिथे सुईच्या टोकाएवढे खड्डे पडतात आणि प्रत्येक खड्डा भेगेला आमंत्रण देतो. म्हणजे नीट ब्रश करणे दातांइतकेच तारेसाठीही आहे. निकेल-टायटॅनियम आणि टायटॅनियमच्या तारांना तीव्र, आम्लधर्मी फ्लोराइड जेलचे वावडे असते. अशा द्रावणात बुडवलेल्या तारा हायड्रोजन शोषून ठिसूळ होतात, हे प्रयोगांतून दिसले आहे. याचा अर्थ फ्लोराइडची टूथपेस्ट बंद करा असा कुणी घेऊ नये. तार लावलेल्या मुलांना तर ती जास्त गरजेची, नाहीतर ब्रॅकेटभोवती पांढरे डाग राहतात. जेल फक्त डॉक्टरांनी सांगितले तरच आणि तेवढेच.

ताटात काय, हातात काय

कडक पदार्थांची यादी प्रत्येक दवाखान्यात चिकटवलेली असते, पण ती पॉपकॉर्न आणि टॉफीची असते. आपल्या घरांतली यादी वेगळी. नळीतला मगज ओढून खाणे, पायाची हाडे चघळणे, कडक सुपारी, चिक्की, ऊस, भाजलेले कणीस, कच्चा पेरू, शरबतातला बर्फ कडाकडा चावणे. खजूर चालतो, पण बी आधी काढून आणि तुकडे करून. मटण बंद करायची गरज नाही, मऊ शिजवून हाडापासून सोडवून द्या. बिर्याणीतल्या मटणाला कुणाचीच हरकत नाही.

मिसवाकबद्दल पालक नेहमी विचारतात. नवी काडी पुढच्या दातांनी चावून कुंचा करायचा असतो, अडचण तिथे आहे. तो कडक लाकडी जोर थेट पुढच्या ब्रॅकेटवर आणि तारेवर येतो. काडी रात्रभर पाण्यात भिजवा, साल चाकूने काढा, कुंचा घरातल्या दुसऱ्या कुणी करून द्यावा किंवा बोथट वस्तूने ठेचून करावा. मग हलक्या हाताने वरून खाली फिरवा. धागे तारेखाली अडकतात ते काढून टाका. आणि ब्रॅकेटच्या कडा साफ करायला ब्रश लागतोच, त्याची जागा काडी घेत नाही.

रमजानमध्ये मी एक गोष्ट दरवर्षी बघते. तार तुटली तरी "ईद झाल्यावर जाऊ" असे घरात ठरते. महिनाभर दात मोकळा राहतो, टोकाने गालात जखम होते, आणि रोजा असलेल्या मुलाचे सेहरी-इफ्तारचे खाणेही सुटते. इफ्तारनंतरची वेळ मागून घ्या. संध्याकाळी दवाखाने उघडे असतात.

शाळेत आणखी एक कारखाना चालतो. पेन्सिल चावणे, पेनाचे टोपण तारेखाली घालून उचकणे, कर्कटकाच्या टोकाने अडकलेले अन्न काढणे. टोकदार लोखंडाने तारेवर ओरखडा पडतो आणि भेगेची सुरुवात तिथे होते. दातांत पेन्सिल धरून विचार करणाऱ्या मुलाला मी रागावत नाही, पेन्सिल तेवढी काढून घेते.

तुटलीच तर

आधी नीट बघा, खरेच तुटली आहे का. पुष्कळदा तार मागच्या दाढेच्या नळीतून नुसती सरकून बाहेर आलेली असते, किंवा ब्रॅकेट दातावरून सुटून तारेवर लोंबत असतो. तिन्हींचा इलाज वेगळा, म्हणून फोनवर नेमके सांगता आले पाहिजे. मोबाईलवर फोटो काढून पाठवला तर उत्तम.

टोचणाऱ्या टोकावर दवाखान्यात मिळणारे मेण गोळी करून दाबून बसवा, आधी ती जागा कोरडी पुसून. कोमट मिठाच्या पाण्याने गुळण्या करा. चुलत्याच्या पकडीने तार वाकवून "सरळ" करू नका. हँगरचा प्रयोग आठवा, एकदा वाकलेली जागा परत वाकवली की उरलेला जीवही जातो, आणि तुकडा घशात जाण्याची भीती असते. ब्रॅकेटला बांधलेली बारीक बांधणी तार तर अजिबात पिळू नका. बांधकामावर सळया बांधणाऱ्यांना माहीत असते, हुकाचा एक फेरा जास्त पडला की बायंडिंग वायर कटकन तुटते. इथेही तसेच.

तुटलेला तुकडा सापडला तर कागदात जपून ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा, तुटलेल्या तोंडावरून त्यांना कारणाचा अंदाज येतो. तुकडा गिळला गेला तर बहुतेक वेळा तो पोटातून निघून जातो, तरी डॉक्टरांना लगेच कळवा. मात्र खोकला थांबत नाही, श्वास घ्यायला त्रास होतो, छातीत किंवा पोटात दुखते, रक्त येते, असे काही असेल तर दातांच्या दवाखान्यात नव्हे, सरळ मोठ्या इस्पितळात जा. वाट बघू नका.

कोकणातल्या ज्या कुटुंबांचा एक पाय गावात आणि एक कुवेत-दुबईत असतो, त्यांच्यासाठी वेगळी सूचना. सुट्टीत इथे तार लावून मूल तिकडे गेले आणि तार तुटली, तर तिथल्या डॉक्टरला काहीच माहीत नसते. ब्रॅकेटची खाच दोन मापांची असते, ०.०१८ आणि ०.०२२ इंच. एकीतली जाड तार दुसरीत बसत नाही. निघण्यापूर्वी डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या: खाचेचे माप, सध्याच्या तारेचा धातू आणि जाडी, कोणते दात काढले आहेत आणि पुढचा बेत काय आहे. एक्स-रे फोनमध्ये ठेवा.

तार निघाल्यानंतर

सरळ झालेले दात परत फिरू नयेत म्हणून खालच्या पुढच्या दातांच्या मागे बारीक पीळदार तार चिकटवतात. ती अनेक धाग्यांची असते. रिक्षा चालवणाऱ्यांना क्लच वायर कशी जाते हे ठाऊक आहे: आतला एक धागा तुटतो, मग दुसरा, आणि वरून वायर शाबूत दिसत राहते. इथेही एखाद्या दातावरचे चिकट सुटते किंवा एखादा धागा तुटतो, जिभेला कळतही नाही, आणि तो एकच दात हळूहळू फिरतो. म्हणून सहा महिन्यांनी एकदा दाखवायला जायचे, दुखत नसले तरी.

काढता-घालता येणारी प्लेट असेल तर तिचे आकडे ०.७ मिलिमीटरच्या कडक स्टीलच्या तारेचे असतात आणि दाढेला पकडणाऱ्या टोकांवर घट्ट वाकवलेले असतात, स्पोकच्या कोपरासारखे. अभ्यास करताना मुले जिभेने प्लेट खाली पाडतात आणि दात दाबून परत बसवतात. टकटक, टकटक. प्रत्येक टकटकीला ते आकडे एकदा उघडतात आणि एकदा मिटतात. प्लेट घालताना-काढताना दोन्ही बाजूंना बोटे लावून, सारखा जोर देऊन काढावी, आणि तोंडाबाहेर असेल तेव्हा डब्यातच ठेवावी, रुमालात गुंडाळून उशीखाली नाही. आकडा तुटला तर फेविक्विकने चिकटवू नका. तुकड्यासकट डब्यात घालून दवाखान्यात न्या. प्लेटचा बाकी भाग चांगला असेल तर बहुतेक वेळा नुसता आकडा नवीन बसवून मिळतो.